काशिनाथ हवालदाराचं सोन्याचं नाणं

आमच्या शेजारच्या काशिनाथकडे सोन्याचं एक नाणं आहे. ते बघायचं असेल तर आधी तोंडाला मास्क बांधावा लागतो. करोना जाऊन वर्षं झाली, पण काशिनाथच्या ओटीवर खुंटीला धुतलेले मास्क अजून टांगलेले असतात. ते माणसांच्या आजारासाठी नाहीत, नाण्यासाठी आहेत.

"काकी, माणसाच्या श्वासात वाफ असते," तो मला समजावतो. "आरशावर वाफ धरली तर आरसा पुसता येतो. ह्याला फडका लावला की चरा पडतो."

नाण्याचं दर्शन रविवारी सकाळी नऊ वाजता. काशिनाथ आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून, हातात परेडचे पांढरे मोजे चढवून ओटीवर येतो. आधी निळी मखमली पेटी, पेटीत प्लॅस्टिकची गोल डबी, डबीत नाणं. डबी उघडण्याआधी तो सगळ्यांकडे एकदा बघून घेतो आणि म्हणतो, "कोई हिलेगा नहीं." माणसं खरंच हलत नाहीत. त्या डबीवर माशी बसली तरी आम्ही तिच्याकडे नुसते बघत राहतो.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा मास्क लावला नव्हता. त्याने मला पायरीवरूनच परत पाठवलं. मी त्याच्या आईच्या वयाची. माझी सासू गावची सुईण होती, काशिनाथची नाळ तिने कापली आणि दिवा मी धरला होता. हे मी त्याला ऐकवलं.

"बरोबर हाय काकी," तो म्हणाला. "पण ऑर्डर म्हणजे ऑर्डर."

"कोणाची ऑर्डर रे?"

"माझीच."

तर असा काशिनाथ. केंद्र सरकारच्या ज्या पोलीस दलात त्याने चोवीस वर्षं काढली, त्या दलाला बरीच वर्षं पुरी झाली म्हणून सरकारने हे नाणं काढलं. ते बाजारात चालत नाही, नुसतं ठेवायचं. एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला बंदूक घेऊन उभा असलेला जवान आणि त्याच्या मागे डोंगर. जवानाचा चेहरा तांदळाच्या कणीएवढा, पण नाक, डोळे, मिशा सगळं नीट दिसतं. निवृत्त झाल्यावर जे पैसे हातात आले त्यातून काशिनाथने आधी हे नाणं घेतलं. त्याच्या बायकोला, वत्सलाला, पाटल्या हव्या होत्या. ती महिनाभर त्याच्याशी बोलली नाही. तो म्हणे, "चोवीस वर्षांची आठवण हाय." ती मला म्हणे, "आठवण त्यांची. मी ती चोवीस वर्षं इथं भात लावत होते, मला कसली आठवण?" पुढे पाच वर्षांनी ती कावीळ होऊन गेली. पाटल्या राहिल्याच.

गाव काशिनाथला हवालदार म्हणतं. तो हवालदार नव्हता. दलात स्वयंपाकी होता. हे तो लपवत नाही, पण कोणी हवालदार म्हटलं तर दुरुस्तही करत नाही. चोवीस वर्षांत एकही गोळी झाडली नाही. छत्तीसगडच्या जंगलात, काश्मीरच्या बर्फात, मणिपुरात, जिथे पाठवलं तिथे त्याने डाळ शिजवली. नाणं दाखवताना कोणी विचारलं, की हा जवान कोण, तर तो सांगतो, "नाव माहीत नाय. पण माझ्या हातचं जेवलेला हाय."

त्यातून त्याची दुसरी खोड निघाली. त्याला कमी माणसांचा स्वयंपाक येत नाही. वत्सला गेल्यावर त्याने पहिल्यांदा चूल पेटवली, तर संध्याकाळी आळीतल्या सगळ्या घरी डाळीचे डबे आले. मी विचारलं, "काय रे, कसलं जेवण?"

"कसलं नाय. माझ्यापुरतीच केली होती."

आजही दोन दिवसांआड माझ्या घरी डबा येतो. डाळ चांगली असते. मीठ जरा जास्त, पण ते मी त्याला सांगते आणि तो ऐकत नाही.

आता मुख्य गोष्ट सांगते. या नाण्यापायी त्याची एकुलती एक मुलगी, दीपाली, लग्न झाल्यापासून दोन वर्षं माहेरी आली नाही.

आमच्याकडे मंगळसूत्रात दोन वाट्या असतात. एक सासरची, एक माहेरची. लग्न ठरल्यावर दीपाली बापाला म्हणाली, की माहेरची वाटी त्या नाण्याची करा. मी तिथेच तांदूळ निवडत बसले होते. काशिनाथला वाटलं पोर थट्टा करते.

"थट्टा नाय, बाबा," ती म्हणाली. "तुमी चोवीस वर्षं घरात नव्हता. त्या चोवीस वर्षांचं घरात काय आलं? हे एक नाणं. मला त्यातलं पायजे."

"सरकारी मोहर हाय ती. मोहर वितळवत नाय."

"मुलीसाठी पण नाय?"

"नियम सगळ्यांना सारखा."

मी तेव्हाच त्याला म्हणाले, "काशिनाथ, तोंड मिट आणि नाणं दे." त्याने तोंड मिटलं. नाणं दिलं नाही. मुरबाडच्या सोनाराकडून वाटी करून आणली, नाण्याहून वजनाने जास्त. दीपालीने ती गळ्यात घातली. पाठवणीच्या वेळी माझ्या गळ्यात पडून रडली, बापाच्या नुसती पाया पडली. पहिल्या दिवाळीला आली नाही. म्हशाच्या जत्रेला सगळ्या माहेरवाशिणी येतात, ती आली नाही. दर गुरुवारी तिचा फोन येतो. जेवलात का, रक्तदाबाची गोळी घेतली का. दोन प्रश्न, की फोन बंद. काशिनाथ गुरुवारी कुठेही जात नाही.

बाहेरून बघणाऱ्याला यातलं काही कळायचं नाही. त्याला वाटेल, माणूस मजेत आहे. कारण नाण्याचे सोहळे जोरात चालू असतात.

नाणं एका जागी राहत नाही. दर पहिल्या तारखेला काशिनाथ त्याची जागा बदलतो. याला तो बदली म्हणतो. "काकी, ह्या महिन्यात पोस्टिंग कणगीत." मग सगळ्या आळीला माहीत होतं की नाणं भाताच्या कणगीत आहे. मी म्हटलं, "अरे, चोरांपासून लपवतोस की त्यांना पत्ता देतोस?" तो म्हणाला, "तुमाला सांगितलं म्हणजे साक्षीदार झाले ना."

एका महिन्यात पोस्टिंग कोंबड्यांच्या खुराड्यात होतं. पेटी पत्र्याच्या डब्यात, डबा पेंढ्यात. आठ दिवसांनी त्याची तांबडी कोंबडी खुडूक झाली आणि नेमकी त्या डब्यावर जाऊन बसली. खुडूक कोंबडीला खाली अंडं आहे की डबा, याच्याशी काही घेणं नसतं. रविवार आला. काशिनाथ हातमोजे घालून खुराड्यापाशी गेला, कोंबडीने त्याच्या बोटाला टोच मारली. दुसरा कोणी असता तर त्याने तिला पंखाला धरून बाजूला केलं असतं. हा मागे सरकला आणि आम्हाला म्हणाला, "आज दर्शन नाय. गार्ड ड्युटीवर हाय."

"कोंबडी आहे ती, काशिनाथ," मी म्हटलं.

"जी बसली हाय ती गार्ड. तिला उठवायचं म्हणजे बदली गार्ड पायजे."

तीन रविवार दर्शन बंद होतं. तेवढे दिवस त्या कोंबडीला भिजवलेले तांदूळ आणि डाळ मिळत होती. ती उठली तेव्हा इतकी जाड झाली होती की खुराड्याच्या दारातून तिला बाहेर येता येईना.

शाळेत प्रजासत्ताक दिनाला नाणं मुलांना दाखवावं, असं गुरुजींनी सुचवलं. काशिनाथ तयार झाला, पण अटी घातल्या. उंचीप्रमाणे रांग, साबणाने हात, मास्क, आणि प्रत्येकाने दोन मोजेपर्यंत बघायचं. मुलांनी सगळं केलं. मुलांना अशा गोष्टी आवडतात. पंचाईत झाली ती झेंड्याला आलेल्या पाहुण्यांची. जाकीट घातलेले, मोठे गृहस्थ. ते रांग सोडून पुढे आले आणि डबीवर वाकले. काशिनाथने डबी मिटली.

"उंचीप्रमाणे," तो म्हणाला.

पाहुणे मुलांपेक्षा उंच असल्यामुळे शेवटी लागले. शंभर मुलांच्या मागे ते मास्क बांधून उन्हात उभे राहिले. त्यांची पाळी आली तेव्हा ते खरंच दोन मोजून बाजूला झाले. जाताना ते काशिनाथला नमस्कार करून गेले. मी असते तर केला नसता.

मागच्या वर्षी पावसाळा सरताना दीपालीच्या सासरहून, शहापूरहून फोन आला. गुरुवार नव्हता. दीपालीला दिवस गेले होते.

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. काशिनाथने कोणाला काही न विचारता तयारी सुरू केली. मागची खोली चुन्याने पांढरी केली. खाट आणली, तिच्यावर चादर अशी ताणून बसवली की तिच्यावर बसायची हिंमत होऊ नये. सुंठ, डिंक, खारीक, खोबरं आणलं आणि डिंकाचे लाडू वळायला घेतले. दोन दिवस त्याच्या घरातून तुपाचा वास येत होता. तिसऱ्या दिवशी मी आत डोकावले तर जमिनीवर चादरी अंथरलेल्या आणि त्यांच्यावर लाडवांच्या ओळी. परेडला उभे केल्यासारखे.

"अरे, बाळंतीण एक आहे की पलटण?"

"कमी करायला गेलो होतो," तो म्हणाला. "अंदाज येत नाय."

आठव्या महिन्यात दीपालीचा फोन आला, की बाळंतपण शहापूरलाच करणार, तिथे दवाखाना जवळ आहे. काशिनाथ "बरोबर हाय, बरोबर हाय" म्हणत राहिला. फोन बंद झाल्यावर तो खोलीत गेला आणि खाटेवरची चादर पुन्हा ताणून आला. लाडू आळीतल्या पुरुषांनीसुद्धा महिनाभर खाल्ले.

मी त्याला सरळ सांगितलं. "दवाखाना मुरबाडला पण आहे. ती येत नाय ते दवाखान्यासाठी नाय. तुझ्या नाण्यासाठी."

"माहीत हाय, काकी."

"मग?"

त्या रविवारी दर्शनाला पाच माणसं आली होती. त्याने पेटी उघडलीच नाही.

दीपालीला मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून घरी सोडलं, आणि चौथ्या दिवशी सकाळी काशिनाथ माझ्या दारात उभा. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी.

"काकी, शहापूरला चला. बाळंतिणीच्या घरी एकटा पुरुष कसा जाऊ? माझ्या घरात बाई नाय."

मी लुगडं बदललं आणि निघाले. मुरबाडला बस बदलली. किन्हवलीच्या वाटेवर त्याने पिशवीतून मधाची बाटली काढून दाखवली. वैशाखरे गावच्या बाजूचा रानातला मध, खास कोणाकडून तरी आणवलेला. आमच्याकडे तान्ह्या मुलाला सहाणेवर सोनं उगाळून, मधात कालवून चाटवतात. माझ्या पाचही मुलांना चाटवलं आहे. बहुतेक घरांत अंगठी नाहीतर डोरलं घासतात.

"सोनं कुठलं घेतलंस?" मी विचारलं.

त्याने शर्टाच्या खिशावर हात ठेवला.

"पोरीने मागितलं तेव्हा नाय दिलंस. आता दगडावर घासणार?"

"वितळवायचं नाय असा नियम हाय, काकी," तो खालच्या आवाजात म्हणाला. "उगाळायचं नाय असं कुठं नाय."

दोन वर्षं हा माणूस स्वतःच्याच नियमात फट शोधत बसला होता, हे मला त्या बसमध्ये कळलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

शहापूरला विहीणबाईंनी चहा दिला. बाई सरळ आहेत. म्हणाल्या, "आत या, आता बाहेर बसायचं वगैरे कोण पाळतंय." दीपाली खाटेवर होती, कुशीत मुलगी. पोर चांगली होती, गव्हाळ, डोक्यावर भरपूर जावळ.

"आलात?" दीपाली म्हणाली.

"आलो," काशिनाथ म्हणाला.

मग त्याने विहीणबाईंकडे सहाण मागितली. त्यांनी देवघरातली चंदनाची सहाण धुऊन आणली. काशिनाथने जमिनीवर मांडी घातली. पेटी उघडली, डबी उघडली आणि उघड्या बोटांनी नाणं उचललं. मोजे नव्हते, मास्क नव्हता. दीपाली उशीवरून उठून बसली.

"अरे, कडेने घास," मी म्हटलं. "चेहरा जाईल."

"कड गुळगुळीत हाय, काकी. तिथनं सोनं सुटायचं नाय."

त्याने जवानाची बाजू खाली केली आणि घासायला लागला. मनगट स्वयंपाक्याचं, जायफळ उगाळतात तसं गोल, सारखं. दगडावर आधी काही दिसेना. मग पिवळी बारीक रेघ उमटली. त्याने नाणं उलटून बघितलं. जवानाचं नाक आणि मिशा गेल्या होत्या. त्याने ते बाजूला ठेवलं, रेघेवर मधाचा थेंब सोडला आणि करंगळीने कालवला.

"बाबा," दीपाली म्हणाली, "मध देता येत नाय तिला."

"थोडा. एवढासाच."

"थोडा पण नाय. डॉक्टरनी सांगितलंय. सहा महिने फक्त अंगावरचं दूध. मध तर वर्षभर नायच, बाळाला बाधतो."

विहीणबाई म्हणाल्या, "हो, मलाही दटावलं त्यांनी." मी म्हणणार होते, की माझी पाच वाढली, पण म्हटलं नाही. वाढली नाहीत अशीही आमच्या आळीत होती. कशाने, ते तेव्हा कोणी विचारत नव्हतं.

काशिनाथ सहाण हातात घेऊन बसला होता. दोन वर्षांनी केलेली एक गोष्ट, तीही चालणार नाही असं कळलं होतं. तो चिडला नाही. "बरोबर हाय," म्हणाला. "डॉक्टरचं ऐकायचं." आणि खिशातून रुमाल काढून सहाण पुसायला लागला.

"थांबा," दीपाली म्हणाली. "इकडे आणा."

त्याने सहाण तिच्यापुढे धरली. तिने ओल्या फडक्याने मध तेवढा टिपून काढला. दगडात धरलेली पिवळी रेघ राहिली, तिच्यावर बोट घासलं आणि मुलीचं दुपटं वर करून तळपायाला टेकवलं. जिथे आपण काजळाची तीट लावतो तिथे. सोनं म्हणावं असं काही दिसलं नाही, जरासं चमकलं.

"कपाळाला नको," ती म्हणाली. "हात लागतो, तोंडात जातं."

मग तिने नाणं उचलून बघितलं. झिजलेल्या जागेवरून अंगठा फिरवला.

"ने," काशिनाथ म्हणाला. "वाटी कर. वितळव."

"राहू दे आता. आधीच झिजवलंत." तिने ते त्याच्या हातात परत दिलं. "सव्वा महिना झाला की येते तिकडे. लाडू थोडेच करा."

"बरं."

"थोडे म्हणजे वीस."

"वीस," काशिनाथ म्हणाला. त्याला घाम फुटला होता.

तिने मुलीला उचललं आणि बापापुढे धरलं. "घ्या."

काशिनाथ मांडीवरून उठला, दोन पावलं मागे सरला आणि भिंतीला टेकला.

"नको. मला येत नाय."

"काय येत नाय?"

"तू झालीस तेव्हा मी मणिपुरात. सुट्टी मिळाली, आलो, तेव्हा तुला आठ दात होते. एवढं लहान मी कधी धरलंच नाय." त्याने माझ्याकडे बघितलं. "काकी, दाखवा ना."

मी उठले. त्याचा डावा हात कोपरात वाकवला, पोरीची मान त्याच्यावर ठेवली, उजवा हात खालून लावला. "एवढंच. आवळू नको. टोप नाय तो."

तो तसाच उभा राहिला. मी म्हटलं, बस आता. तो म्हणाला, नको, हलेल. विहीणबाईंनी चहा आणला तो गार झाला, दुसरा आणला तोही गार झाला. पोर झोपली होती, तिला काही पत्ता नव्हता. दीपाली भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. तिचे खांदे हलत होते. ते मला दिसत होतं. काशिनाथ खाली बघत होता, त्याला दिसलं नाही.

थोड्या वेळाने मी म्हटलं, "काशिनाथ, निघायला हवं. साडेचारची एसटी आहे."

"ती जाऊ द्या, आजी," दीपाली भिंतीकडे बघतच म्हणाली. "सहाला एक असते."